मानमोडी, न्यूकॅसल, राणीखेत : एका रोगाच्या नावांचा इतिहास



स्मृतिव्याख्यान म्हटले की संतवाङ्मय, निजामी राजवटीतील मराठी शिक्षण किंवा एखादा थोर ग्रंथकार असा विषय श्रोत्यांना अपेक्षित असतो. कोंबड्यांना होणारे श्वसनाचे रोग हा विषय या पंक्तीत विजोड वाटेल, याची मला कल्पना आहे. परंतु हैदराबादेसारख्या शहरात, जेथून भारतातील आधुनिक कुक्कुटपालनाची एक मोठी वाट निघाली, तेथे तो अगदीच परका नाही. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते विज्ञानाचे अध्यापक होते, हेही एक कारण. मी स्वतः पशुवैद्य नाही. माझा अधिकार असलाच तर तो शब्दांपुरता. म्हणून आरंभही एका शब्दापासूनच करतो.

तो शब्द ‘मानमोडी’. आज मराठी मुलखातील कोणत्याही कुक्कुटपालकाला विचारले तर तो मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, असे सांगेल. पण एकोणीसशे अठरा साली आपल्या आजी-पणजीने हा शब्द उच्चारला तो कोंबड्यांसाठी नव्हे. त्या वर्षी मुंबई बंदरातून आत शिरलेल्या इन्फ्लुएन्झाने एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली, आणि त्या तापाला मराठी माणसाने मानमोडी म्हटले. उभा माणूस मान टाकतो, हे जे दिसले तेच नाव झाले. कोंबडीच्या रोगात तर हा शब्द अक्षरशः खरा आहे. रोगातून जी कोंबडी तगते तिच्या मज्जासंस्थेवर आघात झालेला असतो. तिची मान पिळवटून पाठीवर किंवा एका अंगाला वळते, दाणा टिपायला गेली तर चोच भलतीकडेच पडते. आपले तेलुगू शेजारी याच रोगाला ‘कोक्केर तेगुलु’ म्हणतात. लोकभाषेची रोगनामे ही अशी असतात. ती लक्षण सांगतात, कारण सांगत नाहीत; आणि दोन निराळ्या रोगांचे लक्षण एक दिसले तर एकच नाव दोहोंना चिकटते. हा लोकभाषेचा दोष नव्हे, कारण प्रयोगशाळेचे साहाय्य नसताना शास्त्रज्ञांचीही गत याहून निराळी नव्हती.

१८७८ साली इटलीत पेरोन्चितो यांनी कोंबड्यांच्या एका भयंकर साथीचे वर्णन केले. तिला पुढे ‘कोंबड्यांचा प्लेग’ असे नाव मिळाले. माणसांच्या प्लेगशी तिचा काहीही संबंध नव्हता. संहाराचे प्रमाण तेवढे सारखे. पुढे सुमारे अर्धशतक, कळपच्या कळप अचानक मरू लागला की युरोपात हेच नाव घेतले जाई. १९२६ साली मात्र एक पेच पडला. त्या वर्षी जावा बेटावर क्रानेफेल्ड या डच पशुवैद्याने कोंबड्यांच्या एका नव्या साथीची नोंद केली, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील न्यूकॅसल बंदराजवळच्या एका फार्मवर कोंबड्या तशाच मरू लागल्या. धाप लागणे, चोच उघडी टाकून श्वास घेणे, घशात घरघर, हिरवट पातळ हगवण, आणि चार-पाच दिवसांत खुराडे रिकामे. डोळ्याला हा कोंबड्यांचा प्लेगच होता.

इंग्लंडमधील संशोधक डॉयल यांनी येथे जे केले ते फार साधे आणि फार मोलाचे होते. एका रोगातून वाचून प्रतिकारक्षम झालेल्या पक्ष्याला दुसऱ्या रोगाचे विष टोचून पाहायचे. पक्षी तगला तर रोग एक, मेला तर रोग दोन. पक्षी मेले. १९२७ साली डॉयल यांनी हा पूर्वी नोंद न झालेला विषाणुजन्य रोग असल्याचे प्रसिद्ध केले. नाव देताना त्यांनी लक्षणावरून नाव देण्याचे मुद्दाम टाळले, कारण तसे नाव आधीच्या रोगांच्या गर्दीत हरवले असते. तात्पुरती सोय म्हणून त्यांनी गावाचे नाव घेतले : न्यूकॅसल रोग. ही तात्पुरती सोय शंभर वर्षे टिकली आहे. पूर्वेकडून आलेल्या एखाद्या जहाजावरून हा रोग बंदरात उतरला असावा, हा तर्क तेव्हापासूनच केला गेला. म्हणजे न्यूकॅसलचा अपराध एवढाच की तेथे तो ओळखला गेला.

आता आपल्या देशाकडे येऊ. त्यासाठी थोडे मागे, पुण्यास जावे लागेल. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ स्थापन झाली. हिंदुस्थानातील पशुरोगसंशोधनाचा हा आरंभ, आणि तो मराठी भूमीवर झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. बुळकांडीसारख्या अतिसंसर्गजन्य रोगांवर वस्तीत बसून काम करणे धोक्याचे. शिवाय थंड हवाही हवी होती. म्हणून १८९३ साली प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख. १८९७ साली खुद्द रॉबर्ट कॉख तेथे येऊन गेले. हीच संस्था पुढे नावे बदलत बदलत आजची भारतीय पशुवैद्यकीय अनुसंधान संस्था झाली.

मुक्तेश्वरप्रमाणेच राणीखेत हेही कुमाऊँमधले. १८६९ साली इंग्रजांनी तेथे छावणी वसविली होती. १९२७च्या सुमारास तेथील कोंबड्यांत साथ आली आणि मुक्तेश्वर संस्थेचे संचालक एडवर्ड्स यांनी १९२८ साली तिची नोंद केली. त्या गावावरून हिंदुस्थानात या रोगाचे नाव ‘राणीखेत’ पडले. हा आणि न्यूकॅसलचा रोग एकच, हे लवकरच सिद्ध झाले, तरी नाव गेले नाही. राणीचे शेत असा त्या गावाच्या नावाचा अर्थ. चीड-देवदारांचे सुंदर ठिकाण. पण महाराष्ट्रात, आंध्रात, तेलंगणात हजारो माणसांनी हे नाव ऐकले ते मेलेल्या कोंबड्यांच्या संदर्भातच.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रोग राणीखेतला जन्मला नव्हता. तो तेथे दिसला याचे कारण, माझ्या मते, पाहणारे डोळे जवळ होते. छावणीतल्या कोंबड्या साहेबाच्या मेजवानीशी निगडित होत्या आणि जवळच्याच डोंगरावर सरकारी प्रयोगशाळा होती. त्याच काळात एखाद्या खेड्यातल्या विधवेच्या डालग्यातील पाच कोंबड्या मेल्या असतील, तर त्यांची नोंद कोण करणार? शेत नवऱ्याचे, बैल नवऱ्याचा. कोंबड्या मात्र घरच्या बाईच्या. मीठ-मिरची, मुलाची पाटी-पेन्सिल त्यांच्यावर चाले. उन्हाळ्यात रोगराई येई, सारे खुराडे बसे, पावसाळ्यात ती पुन्हा शेजारणीकडून एक तलंग मागून आणी. या मरणाला नाव होते, पण कागद नव्हता.

नाव मिळाल्यावर उपायाचा शोध सुरू झाला. १९४० साली अय्यर आणि डॉब्सन यांनी कोंबडीच्या गर्भांकित अंड्यात विषाणू एकामागून एक वाढवून त्याची धार बोथट करण्याची रीत यशस्वी केली. त्याच दशकात मुक्तेश्वर येथे हॅडो आणि इदनानी यांनी भारतीय लस सिद्ध केली. जगाच्या पशुवैद्यकीय ग्रंथांत ती ‘मुक्तेश्वर’ वाणाची म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे तिला ‘आर-टू-बी’ म्हणतात. एका डोंगररांगेतील एका गावाने रोगाला नाव दिले, दुसऱ्याने लशीला. दुर्दैवाने प्रसिद्धी पहिल्यालाच मिळाली!

मुक्तेश्वर लस प्रभावी, पण तिचा स्वभाव मध्यम कडक. सहा ते आठ आठवड्यांहून लहान पिल्लाला ती सोसत नाही. तोवर ही अडचण मोठी नव्हती, कारण कोंबडी वर्ष-दोन वर्षे जगत असे. अडचण उभी राहिली ती कोंबडीचे आयुष्यच बदलल्यामुळे.

हा बदल अमेरिकेत सुरू झाला. १९२३ साली डेलावेअर राज्यातील सेसील स्टील या गृहिणीने अंड्यांसाठी पन्नास पिल्ले मागविली; चुकून पाचशे आली. तिने ती परत न करता वाढविली आणि मांसासाठी विकली. धंदा असा चालला की १९२६ साली तिने दहा हजार पक्ष्यांची शेड बांधली. न्यूकॅसलच्या साथीचेही वर्ष हेच. एकीकडे दाटीने पक्षी वाढविण्याची कला आणि दुसरीकडे दाटीतच फोफावणारा विषाणू, ही दोन्ही एकाच वर्षी दप्तरात नोंदली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर निवडक पैदाशीने ब्रॉयलर हा जवळजवळ नवा प्राणीच तयार झाला. आपल्याकडे १९७१ साली बी. व्ही. राव यांनी हैदराबादेत व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली. पुढे तिचा व्याप पुण्यास केंद्रित झाला. राजेंद्रनगरला १९८८ पासून कुक्कुट संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. आज ब्रॉयलरचे पिल्लू पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचे होऊन बाजारात जाते. म्हणजे ज्या वयात मुक्तेश्वर लस सुरू करायची, त्या वयात त्याचा जन्मच संपलेला असतो.

म्हणून ब्रॉयलरला सौम्य वाणाच्या लशी लागतात. इंग्लंडमधील अ‍ॅस्प्लिन यांनी १९५२ साली ‘एफ’ वाणाचे वर्णन केले. त्याआधी १९४६ साली न्यू जर्सीतील एका फार्मवर ‘ला सोटा’ वाण सापडला होता, आणि त्याचे नाव त्या फार्मच्या मालकाचे आडनाव आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब, मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिण्याच्या पाण्यातून दुसरी मात्रा, अशी सर्वसाधारण रीत. पाण्यातून देताना तासभर पक्ष्यांना तहानलेले ठेवतात आणि पाण्यात साय काढलेल्या दुधाची भुकटी घालतात, जेणेकरून नळाच्या पाण्यातील क्लोरीनने लशीतला जिवंत विषाणू मरू नये. पहिल्याच दिवशी लस का नाही? कारण आईकडून अंड्यातून आलेली प्रतिकारद्रव्ये पिल्लाच्या रक्तात असतात आणि ती लशीलाच शत्रू समजून संपवितात. आईचे कवच ओसरण्यापूर्वी लस टोचली तर वाया जाते. ओसरल्यावर उशीर केला तर रोग आधी येतो. मधल्या त्या अरुंद फटीत सारे व्यवहार करायचे.

पक्ष्याच्या श्वसनसंस्थेची रचना पाहिली म्हणजे हे रोग एवढे घातक का, ते कळते. आपल्याप्रमाणे त्याला छाती-पोटात पडदा नाही. फुप्फुसांपलीकडे कोंबडीच्या अंगात सुमारे नऊ वायुकोश असतात आणि हवा त्यांतून खेळत पोटापर्यंत, कित्येक हाडांच्या पोकळीपर्यंत जाते. त्यामुळे श्वासातून आलेला जंतू शरीराच्या गाभ्यात शिरायला वेळ लागत नाही. त्यात शेडमधील गादी, म्हणजे भाताच्या तुसाचा थर, ओली झाली की विष्ठेतून अमोनिया निघतो. हवेत त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत पंचवीसच्या वर गेले की श्वासनळीतील सूक्ष्म केसांची चाळण निकामी होऊ लागते. थंडीत पिल्लांना ऊब राहावी म्हणून पडदे घट्ट ओढले जातात, आणि ऊब देणाराच हात अमोनिया कोंडतो. मग मायकोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्मजीव घर करतो, त्यावर ई-कोलाय चढतो. ज्याला फार्मवर सगळे ‘सीआरडी’ म्हणतात तो जुनाट श्वसनरोग हाच. १९४३ साली त्याला हे नाव मिळाले. येथेही नावात लक्षणच आहे, कारण नाही. फार्मवरचा माणूस सकाळी दिवे लागण्यापूर्वी शेडमध्ये उभा राहून नुसते ऐकतो. शिंका, खरखर, मांजराच्या घशासारखी घरघर. त्याचे निदान बहुधा कानानेच होते, आणि कान दोन रोगांत भेद करू शकत नाही.

याच भेदाच्या अभावी औषधांचा वारेमाप वापर झाला. नवी दिल्लीच्या एका पर्यावरणसंस्थेने २०१४ साली तपासलेल्या सत्तर कोंबड्यांच्या नमुन्यांपैकी चाळीस टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मिळाले. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, हे शाळेतील मूलही सांगेल; पण घरघर ऐकून पाण्यात औषध टाकले जाते. माणसावरील अखेरच्या उपायांपैकी एक असलेले कोलिस्टिन हे औषध पशुखाद्यात व पशूंवर वापरण्यास भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये मनाई केली. ती यायला हवी होती त्याहून उशिरा आली, असे माझे मत आहे.

आणखी एका नावाची हकिकत थोडक्यात सांगतो. १९३१ साली अमेरिकेत शाल्क आणि हॉन यांनी पिल्लांच्या एका नव्या श्वसनरोगाचे वर्णन केले : संसर्गजन्य ब्राँकायटिस. त्याचा विषाणू हा मनुष्याने ओळखलेला पहिला कोरोना विषाणू. अर्थात ‘कोरोना’ हे कुळनाव १९६८चे. लशीच्या बाटल्यांवर हा शब्द वर्षानुवर्षे छापलेला होता. २०२० सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी आवई उठली आणि ब्रॉयलरचे भाव इतके कोसळले की लोकांनी पक्षी फुकट वाटले, जिवंत पुरले. आपल्या या हैदराबादेत मंत्र्यांनी व्यासपीठावर जाहीरपणे कोंबडी खाऊन दाखविली. कोंबडीचा तो विषाणू त्या कुळाच्या वेगळ्या शाखेतला आहे आणि माणसाला तो होत नाही. पण कुळनाव एक म्हटल्यावर कोण ऐकतो?

ही झाली नसलेला रोग नावामुळे दिसल्याची गोष्ट. याच्या उलट, असलेला रोग नावामुळे न दिसल्याची गोष्ट मला अधिक गंभीर वाटते, आणि खरे म्हणजे तिच्यासाठीच हा विषय मी निवडला.

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे गुजरातच्या सीमेला टेकलेले गाव. तेथे अंड्यांवरच्या कोंबड्यांचे मोठमोठे फार्म आहेत. २००६ सालच्या आरंभी तेथे पक्षी मरू लागले. सर्वांच्या तोंडी एकच नाव आले : राणीखेत. त्यात कुणाचे कपट होते असे मानण्याचे कारण नाही. राणीखेत दरसाल येतोच. धाप तीच, हगवण तीच, मरणही तेच. ओळखीचे नाव जिभेवर आले आणि प्रश्न थांबला. मेलेले पक्षी पुरले जात होते, उरलेल्यांचा व्यवहार चालू होता. अखेर नमुने भोपाळच्या अतिसुरक्षित पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाले की हा एच-५-एन-१ इन्फ्लुएन्झा, म्हणजेच बर्ड फ्लू आहे. भारतातील ही पहिली नोंद. मग पांढरे अंगरखे घातलेली पथके आली, लाखो पक्षी मारले गेले, आणि देशभर कोंबडी-अंड्यांचा बाजार बसला. सुदैवाने तेथे माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही. परंतु जगात इतरत्र या विषाणूने माणसेही मारलेली आहेत, आणि ज्या दिवसांत आपण त्याला राणीखेत म्हणत होतो त्या दिवसांत शेडमध्ये उघड्या हातांनी मेलेले पक्षी उचलणारे मजूर होतेच.

१९५५ साली शेफर यांनी दाखवून दिले होते की इटलीतला जुना ‘कोंबड्यांचा प्लेग’ हा वस्तुतः इन्फ्लुएन्झाच होय. म्हणजे नवापुरात झालेला घोटाळा अगदी डॉयल यांच्याच दारातला. १९२६ साली न्यूकॅसलला प्रश्न होता, हा जुना प्लेग की नवा रोग? २००६ साली नवापूरला प्रश्न होता, हा जुना राणीखेत की दुसरे काही? डॉयल यांच्याजवळ आजची यंत्रे नव्हती. पण डोळ्याला जे एक दिसते ते एक आहे का, हे पाहिल्याशिवाय त्यांनी नाव दिले नाही. नवापुरात नाव आधी आले. २०२१च्या जानेवारी-फेब्रुवारीत बर्ड फ्लू तेथे पुन्हा आला, आणि पुन्हा लाखो पक्षी मारावे लागले.

आता त्या विधवेच्या डालग्याकडे परत जातो, कारण लशीचा इतिहास तिच्यापर्यंत पोहोचल्याखेरीज पुरा होत नाही. लशीची कुपी शेकडो, हजारो पक्ष्यांसाठी भरलेली असते. ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा विरघळविली की काही तासांत संपवावी लागते. हजारांच्या शेडला हे परवडते. आठ कोंबड्यांच्या धनिणीने उरलेले थेंब कोठे टाकायचे? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये स्प्रॅडब्रो यांनी १९८०च्या दशकापासून उष्णता सोसणाऱ्या वाणांवर काम केले. त्यांतील ‘आय-टू’ हा वाण विकसनशील देशांना मोफत उपलब्ध करून देण्यात आला आणि आफ्रिका-आशियातील अनेक गावांत तो डोळ्यात थेंब टाकून दिला जातो. तमिळनाडूच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने खाद्याच्या गोळीतून देता येईल अशी लस तयार केली. आपल्याकडील खेड्यांत मात्र साऱ्या वस्तीच्या कोंबड्या एका दिवशी एकत्र आणून एक कुपी वाटून घेणे, हाच अजून सर्वांत सोपा मार्ग आहे. जेथे बचत गटांच्या बाया हे ठरवून करतात, तेथे कुपी फुकट जात नाही.

राहता राहिले नाव. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने सूचना काढली की माणसाच्या नव्या रोगांना गावाचे, देशाचे, प्राण्याचे नाव देऊ नये. ही सूचना जुन्या नावांना लागू नाही, कोंबड्यांच्या रोगांना तर नाहीच. परंतु विषाणूंचे वर्गीकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अलीकडे सर्व विषाणूंना दोन पदांची लॅटिन धर्तीची नावे दिली, तेव्हा या विषाणूचे नाव झाले ‘ऑर्थोअव्युलाव्हायरस जावाएन्स’. जावाएन्स म्हणजे जावाचा. क्रानेफेल्ड यांची १९२६ची नोंद शंभर वर्षांच्या आत शास्त्राला आठवली आणि नाव पुन्हा त्या बेटाकडे गेले. तेथील कोंबड्यांना तो कोठून आला, हा प्रश्न अर्थातच त्या नावाने विचारलेला नाही. आपल्या फार्मवर, औषधाच्या दुकानात, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तो राणीखेतच आहे, आणि खेड्यात मानमोडी.